दम खाणे

मराठी वाक्प्रचार. अर्थ : चालू असलेले काम, बोलणे किंवा घाई थोडा वेळ थांबवणे, धीर धरणे. यातील ‘दम’ फारसीतून आला असून तेथे त्याचे अर्थ श्वास आणि क्षण असे दोन्ही आहेत. मराठी वाक्प्रचारातही श्वासाबरोबर वेळेची छटा उतरली आहे. ‘शम-दम’ या जोडीतला संस्कृत ‘दम’ वेगळा. त्याचा अर्थ इंद्रियनिग्रह.

गड चढणारा वाटेत टेकतो तेव्हा तो ‘दम घेतो’. तिथे थकवा खरा असतो. ‘दम खाणे’ला थकव्याची गरज नाही. तो बहुधा आज्ञार्थीच येतो आणि उतावळेपणा आवरायला सांगतो : ‘जरा दम खा, भात अजून शिजायचाय.’ बरोबरीच्या किंवा लहान माणसाला तो सहज म्हटला जातो. वडीलधाऱ्यांना मात्र ‘जरा थांबा’ म्हणणेच बरे, कारण ‘दम खा’मध्ये किंचित दटावणी असते.

क्रियापद बदलले की अर्थ पार पालटतो. ‘दम देणे’ म्हणजे धमकावणे, ‘दम मारणे’ म्हणजे विडी-चिलमीचा झुरका घेणे, ‘दम न निघणे’ म्हणजे वाट पाहवत नसणे. हुतूतूत चढाई करणारा एका श्वासात ‘दम घालतो’. तो तुटला की खेळाडू बाद. ‘दम खाणे’ मुख्यतः बोलीतच वापरतात. औपचारिक लेखनात त्याऐवजी ‘धीर धरणे’ योजतात.