कोराल, ऑर्गन आणि रेव्हरंड टिळकांचे अभंग

रत्नागिरी : ल्यूथरपंथीय चर्चमध्ये साऱ्या मंडळीने मिळून गावयाच्या स्तवनगीतास ‘कोराल’ म्हणतात. गायनापूर्वी ऑर्गनवादक त्याच चालीवर आधारलेली जी रचना वाजवितो, ती ‘कोराल प्रिल्यूड’. चाल आधी कानी पडावी, हा तिचा मूळ हेतू. पद सुरू होण्यापूर्वी पेटीवाला चाल वाजवून दाखवितो, त्याचेच हे विस्तारलेले रूप म्हणता येईल.

मार्टिन ल्यूथर यांनी लॅटिनऐवजी जर्मन लोकभाषेत गीते रचली. या पंथाचे पहिले छोटे गीतपुस्तक १५२४ मध्ये निघाले. योहान सेबास्टियन बाख (१६८५-१७५०) यांनी या चालींना ऑर्गनवर कळस चढविला. फिलिप निकोलाय यांचे ‘जागे व्हा’ अशा अर्थाचे गीत १५९९ मधले. बाख यांनी ते १७३१ मध्ये एका कॅन्टाटात योजिले आणि त्यातील एक भाग १७४८ च्या सुमारास ऑर्गनसाठी प्रसिद्ध केला. त्यात उजवा हात एक स्वतंत्र, डौलदार धून वाजवितो, पाय खर्जाचा आधार देतात आणि मधूनच डाव्या हाताने मूळ गीताची ओळ संथपणे प्रवेशते. नावावरून भूपाळी वाटावी. पण ही हाक मध्यरात्रीची, वराच्या आगमनाची आहे.

मराठीत हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले. भाषांतरित गीते परदेशी चालींत बसविली जात. इंग्रजी छंद आघातावर चालतो, मराठी वृत्ते लघु-गुरूंवर. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर ताणले जाई आणि दीर्घ आखडे. भाविकाला आपलीच भाषा परकी वाटावी, असा हा प्रकार होता. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. तिचा राजमार्ग केला तो रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेल्या नारायण वामन टिळक यांनी.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी लक्ष्मीबाईंशी झालेला काही वर्षांचा वियोग ‘स्मृतिचित्रे’त वाचावयास मिळतो. धर्म बदलला, तरी टिळकांनी कान बदलला नाही. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी अभंग आणि पदे रचली, ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. १९१९ मध्ये त्यांच्या निधनानंतर ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. ल्यूथर यांनी जर्मनांसाठी जे केले, त्याच्याशी हे कार्य तोलून पाहावे, इतके ते मोलाचे आहे.

या गीतांना साथ मात्र पेटीची किंवा पायपेटीची. पायपेटीवर वादकाचे दोन्ही पाय भाता चालविण्यात गुंतलेले असतात, खर्जाच्या पट्ट्या दाबण्यास ते मोकळे नसतात. त्यामुळे बाख यांचे प्रिल्यूड तिच्यावर पुरते वाजत नाही. अभंगाला मात्र काहीच उणे पडत नाही.