भक्ती, विद्वत्ता आणि लोकसेवा

महाराष्ट्रातील संतांनी समाजाचे नेमके कोणते हित साधले, हा प्रश्न आपल्याकडील विद्वानांनी मोठ्या आवेशाने चर्चिला आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या, मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी करून स्वराज्याच्या उदयामागे तिचे पाठबळ मानले; उलट इतिहासाचार्य राजवाडे यांना भागवतधर्माची सहिष्णुता राष्ट्राच्या पराक्रमास मारक वाटली व त्यांनी रामदासांच्या जयिष्णु महाराष्ट्रधर्माचा पुरस्कार केला. पुढे १९५० मध्ये गं. बा. सरदारांनी संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती तपासताना, संतांची समता परमार्थाच्या क्षेत्रात खरी असली तरी जातिबद्ध समाजरचना तिने पालटली नाही, ही मर्यादा दाखवून दिली.

या वादाचा निवाडा करावयाचा तर अभंगांच्या जोडीने धर्मादायाचा इतिहासही चाळला पाहिजे. पेशवाईत धर्मकृत्य म्हणजे प्राधान्याने इनामे, सनदा, अन्नछत्रे आणि पुण्यातील श्रावणमासाची दक्षिणा. सरकारी खजिन्यातून निघणारे हे द्रव्य मुख्यतः वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांच्या पदरी पडे. घेणाऱ्याची पात्रता त्याच्या विद्येवरून व वर्णावरून ठरे, गरजेवरून नव्हे. ही कसोटी एकोणिसाव्या शतकात उलटू लागली. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८७५ मध्ये खुद्द पंढरपुरात, प्रार्थनासमाजी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, टाकून दिलेल्या अर्भकांसाठी अनाथाश्रम उभा राहिला. ज्यांना धर्मशास्त्राने कोणताच अधिकार दिला नव्हता, तीच आता सेवेस सर्वांत पात्र ठरली.

या परिवर्तनाला अभ्यासाची जोड दिली ती विठ्ठल रामजी शिंदे यांनी. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचे अध्ययन करून १९०३ मध्ये परतलेल्या या विद्वानाने आपली विद्या व्याख्यानपीठापुरती न ठेवता, १९०६ मध्ये मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापून अस्पृश्य मुलांसाठी शाळा व वसतिगृहे काढली, आणि त्याच अनुभवाच्या बळावर अस्पृश्यतेच्या उगमाचे संशोधनही केले.

दुसरीकडे, अक्षरशत्रू असलेल्या गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढावीत, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनातून जमलेल्या लोकाश्रयावर त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात अस्पृश्यांची वाट महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीजवळच खुंटत असे. त्याच चोखामेळ्याच्या नावे त्यांच्यासाठी उभारलेली धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

सरदारांनी दाखविलेली मर्यादा यामुळे खोटी ठरत नाही. तिचे कारण मात्र उमगते. भक्तीने माणसे व त्यांच्या मनातील करुणा सिद्ध केली होती. उणीव होती ती त्या करुणेला छप्पर, जमाखर्च आणि विश्वस्तांची जबाबदारी देणाऱ्या संस्थेची. शिंद्यांनी ती उणीव शास्त्राच्या वाटेने भरून काढली, बाबांनी कीर्तनाच्या. म्हणून फलश्रुतीचे माप घेताना संतांनी काय सांगितले एवढेच पाहून भागणार नाही. ते ऐकणाऱ्यांनी पुढे कोणाला दार उघडले, हेही मोजावे लागेल.