नव्या गाडीतला ऐब

'ऐब' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेनं मराठीत आला. अर्थ खोट, दोष. माणसांच्या ऐबांवर आम्ही कवींनी पुष्कळ लिहिलं आहे. आज बोलायचं आहे ते वस्तूच्या ऐबाबद्दल, आणि वस्तूही अशी की जिच्यासाठी मध्यमवर्गीय माणूस पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेतो. नवी कोरी मोटार. पेढे वाटून दारात आणलेली गाडी महिन्याभरात वर्कशॉपात जाते, दुरुस्त होऊन येते आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते. अशा वेळी घेणाऱ्याचा हक्क काय? प्रश्न नवा वाटतो, पण तो बाजाराइतकाच जुना आहे.

याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखण्याच्या मुदती दिल्या आहेत. बियाण्याला दहा दिवस, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन, लोखंडाला एक आणि ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा नियम होता की, जनावर विकणाऱ्यानं त्याचा रोग आणि खोड आधी सांगितली पाहिजे. नाहीतर सौदा मोडता येई. इस्लामी कायद्यात यालाच 'खियार-ए-ऐब' म्हणतात. लपलेली खोट नंतर उघडकीस आली, तर माल परत करण्याचा अधिकार. धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतला माल ओला लागला, तेव्हा प्रेषितांनी व्यापाऱ्याला तो वर का ठेवला नाहीस असं विचारल्याची हदीस आम्ही लहानपणी ऐकली होती.

इंग्रजी कायद्याची चाल मात्र वेगळी होती. घेणाऱ्यानं आपलं आपण सावध राहावं, हे त्याचं सूत्र. गुरांच्या बाजारात ते चालूनही गेलं असेल. तिथं माणूस बैलाचे दात बघतो, चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो. पण इंजिनाचे दात कुणी मोजायचे? मोटार आली आणि हे जुनं सूत्र लंगडं पडलं.

त्याला पहिला मोठा धक्का न्यूयॉर्कमध्ये बसला. मॅक्फर्सन नावाच्या गृहस्थाच्या ब्युइक गाडीचं लाकडी चाक मोडलं आणि तो जखमी झाला. कंपनीचं म्हणणं, आम्ही गाडी दुकानदाराला विकली, याला नाही. याच्याशी आमचा करारच नाही. 1916 साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी हा बचाव फेटाळला. सदोष असेल तर जीवावर बेतेल अशी वस्तू बनवणाऱ्याची जबाबदारी दुकानदारापाशी संपत नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढे 1960 साली न्यू जर्सीत हेनिंगसन खटला गाजला. अवघ्या दहा दिवसांच्या प्लिमथ गाडीचं स्टिअरिंग दगा देऊन गेलं होतं. कंपनीनं करारामागच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवलं, की आम्ही फक्त भाग बदलून देऊ. अशा छापील अटींमागे दडता येणार नाही, असं न्यायालयानं सुनावलं. अमेरिकेत सतत बिघडणाऱ्या नव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. 1982 साली कनेक्टिकट राज्यानं पहिला 'लिंबू कायदा' केला आणि हळूहळू सगळ्या राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. त्याचं साधारण सूत्र असं: ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही दोष गेला नाही, किंवा गाडी ठरावीक दिवस वर्कशॉपात पडून राहिली, तर गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा.

आपल्याकडे 1930 चा माल विक्री कायदा होता. त्यातही माल विकण्यायोग्य दर्जाचा असावा ही अट होतीच. पण दाद मागायची तर दिवाणी कोर्टात. तिथली फी आणि तारखा कुणाला परवडणार? शिवाय तो जमाना प्रतीक्षायादीचा. अॅम्बॅसॅडर किंवा कुर्ल्यात बनणारी पद्मिनी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबत. मिळाली हेच भाग्य, तिच्यात खोट कोण काढणार? 1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि हे चित्र बदलू लागलं. दरम्यान 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली होती, 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. अशा चळवळींच्या रेट्यातून 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत करणं, भरपाई देणं, हे चारही उपाय त्यात आले. वकिलाशिवाय आपली बाजू मांडण्याची वाटही मोकळी झाली.

तरीही दोष निघाला की गाडी बदलून मिळते, असं नाही. 2006 साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, दोष क्लचचा आहे, तो बदलता येतो, म्हणून अख्खी गाडी बदलायला सांगता येणार नाही. भागाचा खर्च आणि भरपाई मात्र द्यावी. 2010 साली फियाटच्या खटल्यात त्याच न्यायालयानं स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यायला सांगितलं आणि मूळ निर्मितीतच दोष निघाला, तर व्याजासह किंमत परत करावी, असा आदेश दिला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की गोम कळते. खोट एका भागात आहे की गाडीच्या घडणीतच, हे सिद्ध करावं लागतं.

आमच्या घरातलंच पाहा. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं नवी गाडी घेतली. चढावर गिअर पडेना. सहा महिन्यांत पाच खेपा झाल्या. दर वेळी काउंटरवरचा मुलगा हसून म्हणे, "सर, गाडी नवीन आहे, सेट होईल." भाचा एकदा वैतागून मला म्हणाला, "मामू, हप्ते मी भरतो आणि गाडी राहते त्यांच्याकडे!" मी विचारलं, पाचही वेळची जॉबकार्डं आहेत का? निघाली दोन. बाकी तीन वेळा गाडी फोनवर बोलून दिली आणि तोंडी आभार मानून आणली होती. गिअरबॉक्सचा भाग शेवटी बदलून मिळाला, पण 'पाच वेळा' हा त्याचा सगळ्यात मोठा मुद्दा कागदावर दोनच राहिला.

2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा 2020 च्या जुलैपासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे अपाय झाला, तर उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं, तरी आता आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असली तर. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. किती वेळा दुरुस्ती फसली म्हणजे गाडी बदलायची, हा आकडा मात्र आपल्या कायद्यात आजही लिहिलेला नाही. तो लिहिला जाईपर्यंत आपला आकडा आपणच जपायला हवा. प्रत्येक खेपेला जॉबकार्डावर तारीख, किलोमीटर आणि तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. दोष गेला नसेल तर 'समाधानकारक' या शब्दाखाली सही करू नये. याज्ञवल्क्यानं ओझं वाहणाऱ्या जनावरासाठी पाच दिवस दिले होते. आपल्याला दोन वर्षं आहेत, पण ती तोंडी बोलण्यात संपून जातात.