वळिवडे येथील पोलिश छावणी (१९४३-१९४८) : परकीयांचे वास्तव्य आणि मान्यतेचा प्रश्न

प्रस्तावना

परदेशात राहणाऱ्या व्यक्तीच्या हाती पारपत्र वा नोंदणीचा दाखला असला, तरी त्या कागदांचे बळ ते देणाऱ्या शासनाच्या मान्यतेवर अवलंबून असते. कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथील पोलिश छावणीचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

छावणीची उभारणी

१९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापला. तेथील लाखो नागरिकांना सायबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार करण्यात आले. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांतील काहींची सुटका झाली आणि १९४२ मध्ये ते इराणमध्ये पोहोचले. तेथून आलेल्या सुमारे ५,००० जणांची वसाहत १९४३ पासून वळिवडे येथे उभी राहिली. तीत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. शाळा, चर्च व रुग्णालय असलेल्या या वसाहतीच्या कारभारामागे लंडनस्थित परागंदा पोलिश सरकार होते.

मान्यतेचा प्रश्न

ब्रिटिश हिंदुस्थानात परकीयांसाठी १९३९ चा नोंदणी कायदा व पुढे १९४६ चा परदेशी नागरिक कायदा झाला. परंतु दोहोंतही ‘निर्वासित’ असा स्वतंत्र वर्ग नव्हता. शिवाय कोल्हापूर हे संस्थान असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. परिणामी छावणीवासीयांचे वास्तव्य कायदेशीर हक्कापेक्षा शासनांमधील समझोत्यावर आधारलेले होते.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित सरकारची मान्यता काढून ती वॉर्सा येथील नव्या सरकारला दिली. ज्या सरकारच्या आधारे हे लोक येथे आले, तेच राजनैतिकदृष्ट्या संपुष्टात आले. पूर्व पोलंडचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघात गेल्याने अनेकांची मूळ गावेही पोलंडबाहेर पडली. वळिवड्यातून न हलताही त्यांचे स्थान बदलले. परतण्याऐवजी अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांचा मार्ग धरला. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची तेथे वस्ती झाली. तेच आजचे गांधीनगर होय.

निष्कर्ष

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही. १९३९ व १९४६ च्या कायद्यांची जागा २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली असली, तरी निर्वासितांसाठी स्वतंत्र सर्वंकष कायदा झालेला नाही. कोल्हापूरने दिलेला आश्रय गौरवास्पद खराच. तथापि औदार्याने मिळालेला आसरा आणि कायद्याने मिळालेला हक्क यांतील अंतर वळिवड्याचा इतिहास स्पष्ट करतो.