मीरा रोडहून निघालेला धाक

२०१६च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर एका रात्रीत छापे घातले आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं. सत्तर जणांना अटक झाली, बाकीच्यांना चौकशी करून सोडण्यात आलं. ही मुलं अमेरिकी नावं धारण करून, आपण तिथल्या कर खात्याचे अधिकारी आहोत असं सांगत अमेरिकेतल्या माणसांना धमकावत होती: तुमचा कर थकला आहे, आत्ता भरला नाही तर अर्ध्या तासात पोलीस दाराशी येतील. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेच्या न्याय खात्याने याच जातीच्या एका मोठ्या प्रकरणात ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र जाहीर केलं. त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटरं होती. पुढे बरोबर आठ वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०२४ला, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशाला ‘डिजिटल अरेस्ट’पासून सावध केलं. तारखा जुळल्या हा योगायोग आहे, पण तंत्र जुळलं तो योगायोग नव्हे. आज पुण्या-ठाण्यातल्या निवृत्त शिक्षिकेला व्हिडिओ कॉलवर दोन-दोन दिवस बसवून ठेवणारा ‘सीबीआय अधिकारी’ आणि २०१६चा मीरा रोडचा ‘कर अधिकारी’ एकाच कुळातले आहेत, आणि हे कूळ संगणकापेक्षा फार जुनं आहे. तंत्रज्ञानाच्या बातम्यांमध्ये या गुन्ह्याला नवं म्हणतात. ते चुकीचं निदान आहे आणि म्हणून त्यावरचा उपायही चुकत राहतो, हे इथे दाखवायचं आहे.

कुळाचा मूळपुरुष शोधायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव घेऊन उभा राहिलेला तोतया आपल्या इतिहासात पक्का आहे. १७७६ साली त्याने कोकणात एकामागून एक किल्ले घेतले आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. पण त्याला भाऊंना पाहिलेल्या माणसांसमोर उभं राहावं लागलं. चेहरा, बोलणं, घरातल्या खुणा, सगळ्यांची परीक्षा होऊ शकत होती, आणि झालीही. तोतयेगिरीचा जुना अडथळा हाच: ज्याचं सोंग घेतलं त्याला ओळखणारा कोणीतरी समोर येण्याची भीती. सरकारी खाती वाढली तसा हा अडथळा आपोआप ढिला झाला, कारण खात्याला चेहरा नसतो. भाऊसाहेबांना ओळखणारे शेकड्यांनी होते; सीबीआयच्या अमुक उपअधीक्षकाला ओळखणारा आपल्यापैकी कोण आहे? माणसाऐवजी पदाचं सोंग घ्यायचं, एवढा एक बदल झाला आणि तोतयाचं काम कितीतरी सोपं झालं.

या बदलाचा सर्वांत स्वच्छ नमुना १९ मार्च १९८७ला मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीत दिसला. एका माणसाने वर्तमानपत्रात गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी हवेत अशी जाहिरात दिली, ताजमहाल हॉटेलात मुलाखती घेतल्या, सव्वीस उमेदवार निवडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सोबत घेऊन सीबीआयचा छापा म्हणून पेढीत शिरला. दागिने ‘नमुने’ म्हणून पिशव्यांत भरून तो निघून गेला आणि आजवर सापडला नाही. मागे राहिलेल्या तरुणांना आपण खरोखर सरकारी नोकरीत लागलो आहोत असं वाटत होतं. यावर पुढे हिंदी सिनेमा आला म्हणून प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातली रचना कोणी नीट पाहत नाही. संहिता एकाची, अंमल भरती केलेल्या पोरांचा, आणि समोरच्याला दुसऱ्या कोणाला विचारायला सवड नाही: मीरा रोडच्या मजल्यांवर तीस वर्षांनी जे दिसलं ते सगळं इथे तयार आहे, आणि या पेढीत त्या दिवशी संगणकाचा काहीही संबंध नव्हता. याच घराण्याची गरीब शाखा आपल्या रस्त्यांवर अजून नांदते. ‘आजी, पुढे चोरी झालीय, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात बांधा’ असं सांगून म्हाताऱ्या बायकांच्या पाटल्या लांबवणारे तोतया पोलीस महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराच्या पोलीस नोंदींत आहेत.

मग तंत्रज्ञानाने काय केलं? फोनवर येणारा नंबर खरा आहे की नाही हे तपासण्याची व्यवस्था दूरध्वनीच्या जाळ्यात मुळात नव्हतीच. ज्या केंद्रातून कॉल निघाला ते जे कळवेल ते पुढच्या केंद्राने मान्य करायचं, असा तो विश्वासाचा व्यवहार होता, आणि मूठभर मोठ्या टेलिफोन कंपन्या होत्या तोवर चाललाही. इंटरनेटवरून बोलणं स्वस्त झालं आणि हा आकडा कोणालाही हवा तसा लिहिता येऊ लागला. मीरा रोडचा फोन वॉशिंग्टनचा म्हणून दिसू शकला तो या जुन्या भोकातून. शिवाय हजारो अमेरिकी फोनवर एकाच वेळी ध्वनिमुद्रित धमकी सोडायची आणि जो घाबरून उलटा फोन करेल त्याच्याशीच बोलायचं, ही युक्ती होती. म्हणजे सावज स्वतः निवडून यायचं. त्याच्याशी शेवटचं बोलून पैसे काढणाऱ्याला या धंद्यात ‘क्लोजर’ म्हणत, आणि अमेरिकेत राहून पैसे उचलणाऱ्याला ‘रनर’. पैसे दुकानातली गिफ्ट कार्डं विकत घ्यायला लावून, त्यावरचे आकडे फोनवर वाचून घेऊन मिळवले जात. हे आकडे एकदा वाचून झाले की पैसे परत येण्याचा रस्ता बंद. या सगळ्यात यंत्राचं काम दोन गोष्टी पुरवण्याचं होतं: तोतयाचा चेहरा लपवणं आणि एका जागी शंभर तोतये बसवणं. धाकाचं काम पूर्वीसारखंच माणसाच्या आवाजाने केलं.

हे सारं मीरा रोडलाच का उगवलं, याचं उत्तर देताना या गावाला बदनाम करण्याची सोपी सवय सोडली पाहिजे. १९८५ साली नगरपरिषद, २००२ साली महापालिका आणि २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर वस्ती, अशा वेगाने वाढलेलं हे शहर मुंबईत घर न परवडणाऱ्यांचं आहे. पश्चिम रेल्वेवर चार-सहा स्थानकं दक्षिणेला मालाड आहे आणि तिथे खऱ्या, कायदेशीर कॉल सेंटरांची मोठी वसाहत उभी राहिली. रात्रपाळी, अमेरिकी उच्चारांचं प्रशिक्षण, समोर ठेवलेली संहिता, ग्राहक चिडला तरी आवाज न चढवण्याची सवय, हे कौशल्य या पट्ट्यातल्या मुलांनी प्रामाणिक नोकऱ्यांतून कमावलं होतं. गुन्हेगारांनी ते तयार उचललं. म्हणूनच भरतीची जाहिरात नेहमीच्या नोकरीसारखीच असायची आणि बारावी झालेला पोरगा पहिल्या आठवड्यात आपण कुठे आलो हे ओळखू शकत नसे. पुढे त्याला कळत असे, आणि कळूनही पगारासाठी तो थांबत असे, हेही खरं आहे; तिथे त्याची जबाबदारी सुरू होते. पण याच मुलांपैकी विशीच्या आतल्या दोघांनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला स्वतः फोन करून आत काय चालतं ते सांगितलं होतं. मीरा रोडची गोष्ट सांगताना या दोघांना वगळणं अन्याय आहे.

छाप्यानंतर अमेरिकेत अशा फोनच्या तक्रारी झपाट्याने घटल्या आणि २०१८च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या प्रकरणात तिथे पकडलेल्या साथीदारांना वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. पण तंत्र कोणाच्या मालकीचं नसतं. परदेशी माणसाला घाबरवायला उच्चार बदलावे लागतात, गिफ्ट कार्डं वटवावी लागतात, रनर पोसावे लागतात. २०१६ सालीच भारतात यूपीआय सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत घराघरातल्या फोनवरून लाखो रुपये क्षणात हलवणं शक्य झालं. त्यानंतर हेच सोंग स्वतःच्या देशात आणणं सोपं होतं. आधी कुरिअर कंपनीच्या नावाने ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असे फोन येऊ लागले, मग त्यात मुंबई पोलीस आले, सीबीआय, ईडी, आणि शेवटी खोटं न्यायालयही आलं. २०२४मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतीसमोर सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी मांडून, सरन्यायाधीशांचं सोंग उभं करून सात कोटी रुपये लुटण्यात आले. गृह मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांतच या प्रकारात भारतीयांचे १२० कोटींहून अधिक रुपये गेले. कॉल सेंटरचा मजला आता बरेचदा म्यानमार-कंबोडियात असतो आणि त्यात डांबलेली भारतीय पोरं असतात. मार्च २०२५मध्ये पाचशेहून अधिक जणांना सरकारने म्यानमारच्या सीमेवरून परत आणलं. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेल्या ऑपेरा हाउसच्या सव्वीस जणांची ही पुढची पिढी, फक्त यांचे पासपोर्ट काढून घेतलेले.

इथे दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, बळी पडणारी माणसं भोळी किंवा लोभी असतात. लोभाचा मुद्दा साफ चुकीचा आहे. लॉटरीच्या फसवणुकीत लोभ असतो, इथे केवळ भीती आहे, आणि ज्याने आयुष्यभर कायदा पाळला त्याचीच भीती मोठी असते. भोळेपणाचा मुद्दाही टिकत नाही, कारण बळींमध्ये डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नंबर बनावट करण्याचं भोक बुजवा, म्हणजे प्रश्न संपेल. भोक बुजवायलाच हवं. अमेरिकेने २०२१च्या मध्यापासून मोठ्या कंपन्यांना कॉलची खातरजमा करणारी यंत्रणा लावायला लावली. आपल्या दूरसंचार खात्याने २२ ऑक्टोबर २०२४ला परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणारे खोटे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली आणि तिने पहिल्या चोवीस तासांत १.३५ कोटी कॉल अडवले. हे मोठं काम आहे. तरी डिजिटल अरेस्ट थांबली नाही, कारण तिला पोलिसाचा खरा नंबर लागतच नाही. व्हॉट्सअॅपवर कोणत्याही नंबरवरून गणवेशातला माणूस दिसला तरी पुरतं. ऑपेरा हाउसच्या छाप्याला तर फोनही लागला नव्हता.

तंत्राचं खरं बळ आपल्याकडच्या एका जुन्या उणिवेत आहे: अधिकाऱ्याला ‘तुम्ही कोण, हे मी कुठे तपासू?’ असं विचारण्याची नागरिकाला सवयही नाही आणि सोयही नाही. कायद्याने मात्र हे कधीच सांगून ठेवलं आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये घालून दिलेल्या नियमांत पहिलाच नियम असा की अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि पद स्पष्ट दिसलं पाहिजे. पुढे अटकेचा पंचनामा, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६व्या कलमात हे सगळं आहे. समोर उभं न राहता अटक करता येईल अशी तरतूद या कायद्यात नाही. पण व्यवहारात काय होतं? पोलीस स्वतः चौकशीच्या नोटिसा व्हॉट्सअॅपवर पाठवत होते, इतके की जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचे आदेश द्यावे लागले. महासाथीपासून सुनावण्या पडद्यावर होऊ लागल्या, ते गरजेचंही होतं. पण खरं सरकार आणि खोटं सरकार एकाच ॲपमधून, एकाच सुरात, एकसारख्या पीडीएफमध्ये बोलू लागल्यावर सत्तर वर्षांच्या माणसाने फरक कशावरून ओळखायचा? ‘थांबा, विचार करा’ हा सल्ला चांगला आहे, पण विचार करून शेवटी काय तपासायचं ते त्यात नाही.

तपासता येईल अशी व्यवस्था शक्य आहे, आणि ती ज्या खात्याच्या अमेरिकी भावंडाचं सोंग मीरा रोडला घेतलं जात होतं त्याच, म्हणजे आपल्या आयकर खात्याने करून दाखवली आहे. १ ऑक्टोबर २०१९पासून त्यांच्या प्रत्येक नोटिशीवर एक ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या पोर्टलवर टाकला की नोटीस खरी की खोटी ते कळतं, आणि मोजके अपवाद सोडले तर क्रमांक नसलेली नोटीस खात्याच्या परिपत्रकाप्रमाणे पाठवलीच नाही असं धरलं जातं. शेवटचं कलम महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे तपासण्याचा भार नागरिकावरून खात्यावर जातो. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या, सीबीआयच्या, न्यायालयाच्या समन्सला हाच नियम लावता येईल. पोलीस म्हणतील की तपासात गुप्तता लागते. पण ज्याला नोटीस पाठवली त्याच्यापासून ती गुप्त राहतच नाही. भामटे बनावट पोर्टल काढतील हा धोका खरा आहे, म्हणून हाच क्रमांक जवळच्या ठाण्यात चालत जाऊन किंवा १९३० या सायबर मदत क्रमांकावर विचारूनही पडताळता आला पाहिजे. मीरा-भाईंदर वसई-विरारला ऑक्टोबर २०२०पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. त्याने आपल्या हद्दीत पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक नोटिशीवर असा क्रमांक घालायचं ठरवलं, तर दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही.