उंदरांचं यकृत आणि मामाच्या कॅप्सूल

मामाला सिरॉसिस आहे हे कळलं त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका कॅप्सूलचा फोटो आला. 'नॅचरल आहे, यकृतावरचे व्रण भरून काढते, उंदरांवर सिद्ध झालंय.' मामीचा लगेच फोन. "तू सायन्सवाला ना? सांग, देऊ का?" मग मी त्या उंदरांच्याच मागे लागलो.

कॅप्सूलमध्ये होतं सिलिमॅरिन. मिल्क थिसल ही भूमध्य समुद्राकाठची काटेरी वनस्पती. फुलं जांभळी, पानांवर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेषा. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही पित्तासाठी तिचा उल्लेख केलाय. १९६८च्या सुमारास म्युनिकमध्ये हिल्डेबर्ट वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी तिच्या बियांमधून हा अर्क वेगळा काढला.

उंदरांचा तो प्रयोग खरा निघाला. १९९७ साली जर्मन संशोधकांनी उंदरांच्या पित्तनलिका पूर्ण बंद केल्या. पित्त तुंबतं, यकृताला इजा होते, आणि ती भरून काढता काढता शरीर कोलॅजनचे धागे विणत सुटतं. हाच फायब्रोसिस, सिरॉसिसच्या आधीची पायरी. सहा आठवड्यांनी उंदीर मारून कोलॅजन मोजलं. ज्यांना रोज, वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम सिलिमॅरिन मिळालं होतं, त्यांच्यात ते सुमारे एक तृतीयांश कमी होतं. औषध चौथ्या आठवड्यापासून सुरू केलं तरीही! मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

पण पुन्हा वाचताना खटकलं. कमी म्हणजे औषध न मिळालेल्या उंदरांपेक्षा कमी. व्रण वाढायचा वेग मंदावला होता. झालेले व्रण पुसले गेल्याचं त्यात कुठेच नव्हतं. फॉरवर्ड करणाऱ्याने एवढाच फरक गाळला होता.

आणि माणसं? १९८९ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सिरॉसिसच्या १७० रुग्णांवर चाचणी केली. चार वर्षांनी औषध घेणारे ५८ टक्के जिवंत होते, न घेणारे ३९ टक्के. मग १९९८ साली स्पेनमधल्या, दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० रुग्णांचे निकाल आले. काहीच फरक नाही. उंदराची इजा एका ठरावीक दिवशी सुरू होते, सहा आठवड्यांत मोजूनही होते. मामाची पंधरा वर्षं चालली होती, आणि ग्लास अजून सुटला नव्हता.

मामीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, कॅप्सूल डॉक्टरांना दाखव, त्यांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. पण आधी बाटली बंद.

"ते कॅप्सूलपेक्षा अवघड आहे रे," ती म्हणाली.