चूल, धूर आणि यत्नाचार



हल्ली रस्त्याने जाताना जागोजागी ‘चुलीवरचे जेवण’ अशी पाटी दिसते. चव चांगली असते, त्यात वाद नाही. पण आपल्या घरांत चुलीकडे कधी नुसत्या चवीच्या नजरेने पाहिले गेले नाही.

गृहस्थाच्या घरात हिंसा घडण्याच्या पाच जागा आपल्याकडे सांगतात: उखळ, जाते, चूल, पाण्याचा घडा आणि केरसुणी. याच पंचसूना. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दानाचा विचार येतो, तो या सूनांना धरूनच. ज्यांनी सूना आणि आरंभ सोडले, त्या मुनींना आदराने आहार देणे हे दान. म्हणजे ज्या घरात चूल पेटते, त्या घराने चूल न पेटवणाऱ्याला जेवू घालायचे. आणि या पाचही जागा घरात सांभाळायच्या कोणी? बाईनेच.

श्वेतांबर आगमांपैकी आचारांग सूत्रात तर अग्नीचा विचार अगदी सुरुवातीच्या अध्ययनातच आहे. अग्निकाय जीव आहेतच, शिवाय लाकूड, शेण, गवत, पाने यांच्या आश्रयाने राहणारे जीवही विस्तवात सापडतात, असे तिथे सांगितले आहे. भगवती सूत्रात कालोदायी महावीरांना विचारतो की आग पेटवणारा आणि आग विझवणारा, यांत जास्त कर्म कोणाला लागते? उत्तर मिळते, पेटवणाऱ्याला. कारण पेटत्या आगीत पृथ्वी, पाणी, वारा, वनस्पती आणि त्रस अशा कितीतरी जीवांचा घात होतो.

हे ग्रंथ आपल्या आजेसासवांनी वाचले होते असे नाही. पण त्यांची चूल पाहिली तर तो विचार तिथे उतरलेला दिसे. लाकूडफाटा पावसाळ्याआधी भरून कोरड्या जागी रचायचा. प्रत्येक लाकूड आपटून, शेणी उलटीपालटी करून, पाहूनच आत सरकवायची. पोखरलेले लाकूड बाजूला. उजाडल्याशिवाय चूल पेटवायची नाही आणि सूर्यास्ताआधी जेवणे आटोपायची. वरून काही पडू नये म्हणून चुलीवर चंदोवा बांधायचा. यालाच यत्नाचार म्हणायचे.

दुसरी शिस्त म्हणजे एकदा पेटवलेल्या विस्तवाचा पुरेपूर उपयोग. चुलीच्या तोंडावर भाकरीचा तवा. भाकरी तव्यावरून उतरली की आरापुढे टेकवून फुगवायची. मागच्या वैलावर डाळ, ती उतरली की गाळलेले पाणी उकळायला. जाळ ओसरला की निखाऱ्यांवर पापड. मारवाडी घरांत बाट्या आणि विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजत. घरात ओव्हन नव्हता, तरी भाजणे अडत नसे. पातेल्यात वाळूचा थर, त्यावर नानकटाईची थाळी, वर झाकण आणि झाकणावर निखारे, की खालून-वरून सारखी धग लागे. शेवटी उरलेली राख भांडी घासायला. एका पेटवण्यात इतकी कामे होत.

पण या सगळ्या यत्नाचारात एक जीव मोजायचा राहून गेला. तो म्हणजे फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेली बाई. तिचे चुरचुरणारे डोळे, तिचा खोकला, तिच्या मांडीवरचे तान्हे मूल. लाकडातली मुंगी झटकून वाचवणाऱ्या घरातही धूर हा बाईच्या नशिबाचा भाग मानला गेला.

याचा विचार स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाला. गांधीजींनी 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. तिथेच 1947 मध्ये धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या मातीच्या चुलीवर काम केले आणि 1953 मध्ये त्यावर पुस्तिका काढली. स्वयंपाकघरातला धूर मोजण्याचे काम मात्र बरेच उशिरा झाले. 1980 नंतर कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, हे उपकरणे लावून मोजले. त्याच दशकात सरकारने सुधारित चुलींची देशव्यापी योजना राबवली. ती 2002 पर्यंत चालली. अनेक घरांत धुराडी काजळीने भरली, चुली तडकल्या आणि बायका पुन्हा जुन्या चुलीकडे वळल्या. शहरांत तोवर गॅस आला होता. मुंबईत तर 1955 पासूनच. खेड्यातल्या गरीब घरांसाठी उज्ज्वला योजना आली ती 2016 मध्ये.

आजही कुठे कुठे ऐकू येते की गॅसवरचे अन्न शुद्ध नाही, चौक्यात लाकडाची चूलच हवी. ज्याची त्याची परंपरा आहे, मी कोणाला मोडता घालणार नाही. पण अग्निकाय जीव निळ्या ज्योतीतही आहेत आणि लाकडाच्या जाळातही. शुद्धी येते ती पाहून-सोधून, गाळून, वेळेत आणि शांत मनाने केलेल्या कामातून. चूल ठेवायची असेल तर धुराडे असू द्या, खिडकी उघडी असू द्या, लाकूड सुके असू द्या, आणि दम्याच्या किंवा गरोदर सुनेला तिथे बसवू नका.

अहिंसेची सुरुवात आपण चुलीतल्या मुंगीपासून केली, ते योग्यच केले. आता चुलीपुढे बसणारीलाही त्यात धरूया.